धावणारी बाई आणि केवणीचा दोर

माझ्या संग्रहाबद्दल लोक जे काही विचारतात त्यातलं मला काहीच आवडत नाही. "याचं काय करणार?" हा पहिला प्रश्न. "मुलाची आहेत का?" हा दुसरा. तिसरा प्रश्न विचारायला कुणी थांबत नाही, कारण तोवर माझा चेहरा बघून त्यांना आपापली कामं आठवतात. कन्नड मुलखाच्या सीमेवरच्या रामनगरच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे आणि कपाटात खेळाडूंची जुनी कार्डं आहेत. च्युइंग गमच्या पाकिटातून यायची ती. क्रिकेट, हॉकी, कुस्ती, फुटबॉल, टेनिस, पोहणं, गोळाफेक, सगळे खेळ एकाच मालिकेत, रंगीत चित्रं, मागे बारीक अक्षरात माहिती. ती कंपनी कधीच बुडाली. बाईमाणसानं असली कार्डं जमवली तर लोकांना नेमकं कुठे टोचतं ते मला अजून समजलेलं नाही. नवऱ्याला टोचत नाही, तो नुसता हसतो. त्याचं हसणं मी सोडून देते, बाकीच्यांचं नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात चपलांवर, पट्ट्यावर, देवाच्या तसबिरीमागे, सगळीकडे बुरशी धरते. म्हणून कपाटात मी एक बल्ब कायम जळता ठेवते. वीज गेली की माझं डोकं फिरतं. गिऱ्हाइकाचं ब्लाउज मशीनवर अर्धं टाकून मी कोळशाच्या पुरचुंड्या कपाटात ठेवायला उठते. एकदा एक बाई म्हणाली, "अहो, माझं लग्नातलं ब्लाउज आहे ते." मी म्हटलं, "लग्न उद्या आहे, बुरशी आत्ता धरते." ती पुन्हा आली नाही. नाही आली तर नाही.

ही कार्डं माझ्या हाताला लागली ती सुप्याला. धरणाचं काम चालू होतं, वडील तिथे मजुरीला होते आणि आम्ही कॉलनीच्या खालच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. वरच्या क्वार्टरांतून साहेबांची मुलं गम चघळत खाली यायची. त्यांना फक्त क्रिकेट हवं असायचं. कुस्ती, गोळाफेक, पोहणं ती गटारात टाकायची. मी आणि माझा थोरला भाऊ ती वेचायचो, पुसायचो आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो. आम्ही त्यांना 'फोटू' म्हणायचो. आमच्याकडे सगळ्या खेळांचे फोटू जमले ते काही आवडीनं नाही, उकिरड्यात जे पडेल ते आमचं होतं म्हणून. आजही कुणी ऐटीत "मी फक्त क्रिकेट जमवतो" म्हणालं की मला त्या मुलांचे पांढरे मोजे आठवतात आणि माझं पित्त खवळतं.

त्या सगळ्या मालिकेत बाई एकच होती. धावणारी. गुडघा वर उचललेला, केस मागे उडालेले, छातीला लाल फीत आत्ताच टेकलेली, आणि तोंड उघडं. बाकीचे सगळे पुरुष फोटोत हसत होते किंवा मिशीला पीळ देत होते. ही एकटीच खरोखर काहीतरी करत होती. आणि ती सापडली माझ्या भावाला. मी गटाराच्या या कडेला होते, तो त्या कडेला, एवढाच फरक. मी मागितली, रडले, चावले. त्यानं ती खिशात घातली आणि वर हात ठेवला.

यातली गंमत पुढे ऐका. माझा भाऊ हा असा माणूस आहे की ज्याला कुणालाही 'नाही' म्हणता येत नाही. धरण झालं, आम्ही दिग्गीच्या पुढच्या आमच्या गावी परत आलो, मी लग्न होऊन रामनगरला गेले आणि घर, शेत, जंगलातलं काम सगळं त्याच्याकडे राहिलं. मग एक शहरी माणूस आला, म्हणाला, तुमच्या अंगणात होमस्टे काढू. भाऊ हो म्हणाला. पाहुणे म्हणाले, पिण्याच्या झऱ्यात आंघोळ करू का? हो. गाडी भाताच्या खळ्यावर लावू का? हो. बैलाच्या पाठीवर बसून फोटो काढू का? त्यालाही हो. बैलाला कुणी विचारलं नाही. आईनं ज्या जात्यावर आयुष्यभर दळलं त्यावर आता पाहुण्यांच्या चपला असतात, आणि भाऊ शेजारी उभा राहून त्यांना कोकम सरबत देतो. त्याला बघितलं की मला हात शिवशिवतात.

आई गेल्यानंतर मी एकदा गेले, तर व्हरांड्यात पाहुण्यांची पोरं आमचा बिस्किटाचा डबा उघडून बसली होती. कुस्तीवाले, हॉकीवाले, सगळे पागोळीच्या पाण्यात होड्या करून सोडले होते. भाऊ बघत होता. "त्यास्नी मागितलं गं," म्हणाला. मी पोरांच्या हातातून एकेक फोटू ओढून घेतला. त्यांची आई इंग्रजीत काहीतरी बोलली, मी कन्नडात उत्तर दिलं, आणि ते तिला समजलं नाही हे तिच्या नशिबानं बरं झालं. उरलेलं सगळं डब्यात भरलं. धावणारी त्यात नव्हती. ती त्यानं देवघरात, देवीच्या तसबिरीच्या काचेमागे ठेवली होती. मी म्हटलं, "अण्णा, ती दे." तो खाली बघून म्हणाला, "ती न्हाई देणार. ती माझी हाय."

आयुष्यात हा माणूस एकदाच 'न्हाई' म्हणाला आणि तेही मला. मी डबा घेऊन निघाले ते पुन्हा गेले नाही. गावात फोन लागायचा तर गोठ्यामागच्या टेकाडावर चढावं लागतं. म्हणजे त्याचा फोन येई तेव्हा तो टेकाड चढून, धापा टाकत उभा असणार हे मला पक्कं ठाऊक असे. मी कापायचे. फोन कापायला मला मुळीच वाईट वाटत नव्हतं, उलट बरं वाटायचं.

त्या डब्यातल्या उरलेल्या फोटूंपासून माझा संग्रह सुरू झाला. लोंढ्याचे, खानापूरचे रद्दीवाले, जुनी घरं मोडून सामान विकणारे, मोबाईलवरचे ग्रुप, जिथून मिळेल तिथून मी एकेक कार्ड मिळवलं. होड्या झालेले सगळे पुन्हा नव्यानं शोधले. शेवटी मालिका पुरी झाली, एक सोडून. कपाटात जाड पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक कार्डाला खिसा आहे, आणि मधल्या पानावर एक खिसा रिकामा होता. मला दुसरं काही नको होतं. ती बाई त्या खिशात यायला हवी होती, एवढंच.

ग्रुपमध्ये बेळगावचे एक गृहस्थ आहेत. जुनी कार्डं घेऊन मुंबईला पुढे देतात. बोलणं असं की जणू छपाई त्यांनीच शोधून काढली. कार्ड हातात धरताना पांढरे हातमोजे घालतात आणि त्या हातमोज्यांचेही फोटो टाकतात. एकदा मी त्यांना माझा एक जादाचा कुस्तीवाला दाखवला, तर नाकाशी धरून म्हणाले, "ताई, याला धुराचा वास येतो." येणारच. आमचा डबा पावसाळाभर चुलीवरच्या माळ्यावर असायचा, बियाण्याच्या शेजारी, म्हणून तर तो टिकला. तुमच्या हातमोज्यांना कसला वास येतो ते मी विचारलं का? पण एक चूक माझ्या हातून झाली. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे काय कमी आहे, आणि मी लिहून गेले की धावणारी कमी आहे, ती माझ्या भावाकडे आहे, दिग्गीच्या पुढे. त्या गृहस्थांनी खाली दोन हात जोडलेले धाडले आणि गप्प बसले. मला वाटलं, विषय संपला.

यंदा गणपतीच्या चवथीच्या आधी वहिनीचा फोन आला. तिचा नंबर मी कापत नाही, कारण तिनं माझं काही घेतलेलं नाही. म्हणाली, "आत्ती तुमची आठवण काढत्यात. म्हणत्यात, औंदा चवथीला पोरगी आली न्हाई तर पुढच्या चवथीला मी हाय का न्हाई कुणास ठाव." आत्ती म्हणजे आमच्या वडिलांची बहीण. विधवा होऊन परत आली आणि त्याच घरात म्हातारी झाली. दर वर्षी ती हेच म्हणते आणि दर वर्षी असते. तरी मी गेले. आत्तीसाठी गेले असं नवऱ्याला सांगितलं. खरं तर मला देवीची तसबीर बघायची होती.

जीपमधून उतरले तर वाटेवर होमस्टेची पाटी, तिच्यावर वाघाचं चित्र. आमच्या अंगणात वाघ कधी आला नाही, ही पाटी आली. खळ्यावर पिवळे तंबू, दोरीवर पाहुण्यांचे टॉवेल. भाऊ पुढे आला, पिशवी घ्यायला हात केला. मी पिशवी दिली नाही. तडक देवघरात गेले. तसबिरीच्या काचेमागे काही नव्हतं.

दिली असणार कुणाला तरी, दुसरं काय! कुणीतरी मागितली आणि हा 'हो' म्हणाला. मला ती दिली नाही आणि दुसऱ्याला दिली. मी तशीच वळले, तर समोर गणपती बसलेला, आणि गणपतीच्या डोक्यावर माटोळी.

आमच्याकडे गणपतीवर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातलं, परसातलं सगळं पहिलं, सगळं चांगलं बांधतात. नारळ, तवसं म्हणजे मोठी काकडी, सुपारीचा घड, आंबाडे, रानवेलीची लालभडक कवंडळं. बांधायला सुतळी चालत नाही, केवणीच्या झाडाच्या सालीचा दोर लागतो. आमच्या भावाला दर वर्षी काहीतरी दुर्मीळ शोधून बांधायची हौस. कधी रानहळदीचं फूल, कधी कुणाला नाव माहीत नसलेलं फळ. यंदा त्या तवशाच्या आणि कवंडळांच्या मधोमध, केवणीच्या दोराला, माझी धावणारी लोंबत होती. वरच्या बाजूला भोक पाडून त्यातून दोर ओवला होता.

आरतीला माणसं जमली होती. मला कुणाची भीड वाटली नाही.

"अण्णा, भोक पाडलंस तिला? दाभणानं भोक पाडलंस?"

"हळू बोल गं. गणपती हाय समोर."

"असू दे की. त्याला बी दिसतंय."

मी हात वर केला तशी आत्ती पाटावरून ओरडली. तिचा आवाज अजून गावच्या हाळीएवढा आहे. "हात लावायचा न्हाई! माटोळीला लागलं ते देवाचं. विसर्जन झाल्यावर काय ते बघू." माझा हात हवेतच राहिला. देवाच्या मागे लपायची ही युक्ती भावाला कुणी शिकवली देव जाणे, पण त्याच्यासारख्या माणसाला ती शोभली.

दीड दिवसाचा गणपती. तेवढा वेळ मी माटोळीखालून हलले नाही. मोदकाला हात लावला नाही, वहिनीनं पुढे केलेली पातोळी मात्र खाल्ली, कारण हळदीच्या पानाचा वास आला की मला राहवत नाही. पाहुणे येत होते, वर मोबाईल धरून फोटो काढत होते. एका पाहुणीनं कार्डाकडे बोट दाखवून विचारलं, "ही तुमची कुलदेवी का?" मी म्हटलं, "हो. आणि ती कोपते." ती दोन पावलं मागे सरली. वारा आला की कार्ड फिरायचं, एकदा ती दिसायची, एकदा मागची बारीक अक्षरं. दोर ओला होता, त्याचा तपकिरी डाग भोकाभोवती उतरलेला मला खालून दिसत होता. तो डाग आता जन्मात जाणार नाही हे मला कळत होतं, आणि भाऊ ताम्हनात हळदीकुंकू घेऊन माझ्यासमोरून ये-जा करत होता.

मूर्ती ओढ्याला नेली. मी गेले नाही, आत्तीजवळ बसले. माणसं परत आली, प्रसाद वाटला आणि माटोळी उतरवली. आमच्या घरात एक रीत आहे. माटोळीतलं काही विकत नाहीत, खातात किंवा वाटतात, आणि पहिला हात घरच्या लेकीचा. तिला हवं ते तिनं उचलायचं, कुणी का म्हणून विचारायचं नाही. आत्ती तिच्या काळात नेहमी मोठं तवसं घ्यायची. या वेळी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "घे. तुझा मान हाय." मी केवणीचा दोर दातानं तोडला आणि कार्ड काढून घेतलं.

इतक्या वर्षांनी ती हातात आली होती, आणि मला आनंद होत नव्हता. तिच्या डोक्यावरच्या आभाळात भोक होतं, कडा फुगल्या होत्या. भाऊ समोर उभा होता. मी म्हटलं, "झालं समाधान? आता हिला जगात कुणी हात लावणार न्हाई."

"त्येच की," तो म्हणाला. "म्हणून तर पाडलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यानं सांगितलं. बेळगावहून एक माणूस आला होता, पांढरे हातमोजेवाला. पहिल्यांदा चहा पिऊन गेला. दुसऱ्यांदा जेवून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तंबूंच्या धंद्यातला तो शहरी भागीदार शेजारी बसून "देऊन टाका, देऊन टाका" करत होता, आणि त्या माणसानं तसबिरीची काच सरकवून कार्ड हातात धरलं सुद्धा.

"मला न्हाई म्हणाया येत न्हाई, तुला ठाव हाय," भाऊ म्हणाला. "मी म्हटलं, चवथ होऊ द्या, मग न्या. मग माटोळीला बांधली. माटोळीतलं इकत न्हाईत. आन् पयला हात तुझा."

"मी आलेच नसते तर?"

"म्हणून तर भोक. भोक बघून त्यो नेणार न्हाई. तू न्हेशील."

"पिशवीत घालून टांगायची व्हती! प्लास्टिकची पिशवी न्हाई मिळत तुला? एवढे पावणे सोडून जात्यात!"

त्यानं खरंच विचार केला. "पिशवीत असती तर पिशवी काढून न्हेली असती त्यानं."

"मला फोन करायचा."

"केला की. किती डाव चढलो टेकाडावर. तू कापतीस."

"मग रामनगरला यायचं व्हतं! बस बंद पडलीय?"

मी त्याला बरंच काही बोलले. अक्कल गहाण ठेवलीस म्हटलं, बैलाची माफी माग म्हटलं, गटाराच्या त्या कडेला मी असते तर आज हे झालं नसतं म्हटलं. वहिनी दारात तोंडाला पदर लावून उभी होती, हसत होती की रडत होती ते बघायला मी थांबले नाही. जीप सुटायची होती. निघताना भावानं पिशवी घ्यायला पुन्हा हात केला. मी दिली, पण जीपमध्ये ठेवताना तो ती आडवी ठेवणार हे दिसल्यावर पुन्हा हिसकावून घेतली, कारण कार्ड त्यात होतं.

रामनगरला येऊन मी ते मधल्या पानावरच्या खिशात घातलं. मालिका पुरी झाली. मी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. ज्याच्यासाठी एवढी वर्षं घालवली ते असं असेल असं मला वाटलं नव्हतं. सगळी कार्डं नीट बसलेली, आणि मधोमध ते भोक डोळ्यात खुपत होतं. मला भावाचा इतका राग येत होता की मशीनची सुई दोनदा मोडली.

मग दिवाळीच्या आसपास बेळगावच्या गृहस्थांचा फोन आला. आवाज तुपात बुडवून काढलेला. "ताई, तुमच्यासाठी एक आनंदाची बातमी." हुबळीच्या एका जुन्या घरातून अख्खा आल्बम निघाला होता आणि त्यात धावणारी होती. डाग नाही, वास नाही, चारी कोपरे धारदार. माझ्या जादाच्या कुस्तीवाल्यांवर अदलाबदल करायला तयार होते. त्या धुराचा वास येणाऱ्या कुस्तीवाल्यांवर! फोटो धाडला. मी बघितला. लाल फीत ताजी, आभाळ निळं आणि सलग. माझ्याकडे असायला हवी होती ती अशीच.

मी म्हटलं, "थांबा जरा." फोन मशीनवर ठेवला, कपाट उघडलं, वही काढली. खिसा एकच आहे. नवी आत घालायची तर जुनी बाहेर काढावी लागेल, एवढं साधं काम. मी तिच्या कडेला नख लावलं. ती अर्धी वर आली आणि भोक खिशाच्या कडेवर आलं. भोकावर काळजी घेतल्याची खूण होती. दाभण दिव्यावर तापवून, सावकाश फिरवून पाडलं होतं, म्हणून कागद फाटला नव्हता. आणि ते तिच्या केसांना न लागेल असं बेतून, नेमकं रिकाम्या जागी पाडलं होतं. बैलाच्या पाठीवर कुणालाही बसू देणाऱ्या माणसानं एवढं बेतलं होतं.

"ताई? आहात ना?" फोनमधून आवाज येत होता.

"नको," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी भाव खातेय. एक कुस्तीवाला कमी दिला तरी चालेल म्हणाले. मग दोन. मी त्यांना सांगितलं की माझ्या भावाच्या घरी पुन्हा गेलात तर गाडीची हवा सोडायला मी स्वतः येईन, आणि फोन ठेवला. बाहेर एक गिऱ्हाईक "बाई, बाई" करत होतं. भावाचा असा राग मला सुप्यालाही आला नव्हता, व्हरांड्यातही नाही, माटोळीखालीही नाही. त्यानं माझी मालिका नासवली ती नासवली, आणि आता ती दुरुस्त करायची चांगली चालून आलेली संधी होती, तर ती घ्यायलाही त्यानं मला मोकळं ठेवलं नाही.